नांवाचा तंटा आणि पंचाची निवड

कुळाचा वृत्तान्त छापून काढण्याची हौस आपल्या समाजांत फार दिवसांची आहे. पूर्वी कुळांतील कोणी निवृत्त गृहस्थ गांवोगांव हिंडून वंशावळी गोळा करीत, नातलगांकडून वर्गणी जमवीत आणि एक जाडजूड ग्रंथ काढीत. हल्लीं तेंच काम घरांतील तरुण मंडळी इंटरनेटवर करूं लागली आहे. आडनांवापुढें 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' असें शेपूट जोडून एक नांव घ्यावें, वर्षाकाठीं हजाराच्या आसपास रुपये भरावे, आणि पुण्याच्या आजोबांपासून टोरोंटोच्या नातवापर्यंत सर्वांस एकाच दारानें आंत येतां यावें, ही सोय खरोखर मोठी आहे. घरगुती मसाल्यांचा किंवा शिकवणीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या कित्येक भगिनींनींहि असेंच एखादें नांव घेऊन आपलें दुकान मांडलें आहे. या नांवास व्यवहारांत 'डोमेन' म्हणतात. आम्हीहि पुढें तोच शब्द वापरूं.

हें नांव आपण 'विकत घेतलें' असें म्हणतों, परंतु तें बोलणें यथार्थ नव्हे. तो एक भाडेपट्टा असतो व मुदत संपली कीं तो नवा करावा लागतो. त्या भाडेपट्ट्याचा करार नोंदणी करतांना क्वचितच कोणी वाचतो. त्यांत असें एक कलम असतें कीं, या नांवाविरुद्ध कोणी व्यापारचिन्हाच्या आधारानें तक्रार केल्यास नांव घेणारानें ठराविक पंचांपुढें उभें राहिलें पाहिजे. 'डॉट कॉम'सारख्या जागतिक नांवांच्या बाबतींत हें कलम अमेरिकेंतील 'आयकॅन' या संस्थेच्या धोरणांतून आलेलें आहे. आयकॅनची स्थापना १९९८ सालीं झाली आणि पुढच्याच वर्षी तिनें हें धोरण मंजूर केलें. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'यूडीआरपी' म्हणतात. या धोरणान्वयें मिळणारा न्याय दोन्ही पक्षांस सारखा मिळतो काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें हातीं घेतला आहे.

प्रथम हें धोरण कां निघालें तें पाहूं. डोमेन जो पहिल्यानें मागेल त्यास मिळतें. मागणाराचा त्या नांवाशीं कांहीं संबंध आहे कीं नाहीं, हें नोंदणीच्या वेळीं सहसा कोणी पाहत नाहीं. या शिथिलतेचा फायदा घेऊन गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुष्कळ चतुर लोकांनीं प्रसिद्ध पेढ्यांचीं नांवें आधींच अडवून ठेवलीं आणि मग त्या पेढ्यांकडेच मोबदला मागितला. कोणी नामसादृश्याचा उपयोग गिऱ्हाइकें वळविण्यासाठीं केला. मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें १९९९ सालीं आलेला 'रेडिफ'चा दावा या दुसऱ्या जातीचा होता. त्या परिचित नांवांतील एकच अक्षर बदलून दुसऱ्यानें 'रॅडिफ' असें डोमेन घेतलें होतें, आणि न्यायालयानें त्यास मनाई केली. परंतु फिर्यादी मुंबईंत, प्रतिवादी ब्राझिलांत आणि नोंदणी करणारी कंपनी व्हर्जिनियांत, असा प्रकार असल्यास कोणत्या देशाच्या न्यायालयाची पायरी चढावयाची, आणि किती वर्षें? ही अडचण यूडीआरपीनें पुष्कळ अंशीं दूर केली, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. त्या धोरणाखालचा पहिला तंटा अमेरिकेंत कुस्त्या भरविणाऱ्या एका बड्या कंपनीचा होता. तिचें नांव कॅलिफोर्नियांतील एका गृहस्थानें डोमेन म्हणून घेतलें व तिलाच तें एक हजार डॉलरला विकूं केलें. तक्रार १९९९ च्या डिसेंबरांत दाखल झाली आणि १४ जानेवारी २००० रोजीं निकाल लागून नांव कंपनीकडे गेलें. दिवाणी दाव्यांत पिढ्या खर्ची पडलेल्या आमच्या वाचकांस हा वेग स्वप्नवत् वाटेल.

तक्रारदारास तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन आपल्या व्यापारचिन्हासारखेंच, किंवा पाहणाराची फसगत होईल इतकें त्याच्याशीं मिळतें आहे; तें घेणाराचा त्या नांवावर कांहीं हक्क अगर रास्त हितसंबंध नाहीं; आणि त्यानें तें दुष्ट हेतूनें घेतलें व दुष्ट हेतूनेंच वापरलें. तिन्ही सिद्ध झाल्यास डोमेन रद्द होतें किंवा तक्रारदाराच्या स्वाधीन केलें जातें. दंड नाहीं, नुकसानभरपाई नाहीं. नियम म्हणून यांत आक्षेपार्ह असें फारसें नाहीं. आमचा आक्षेप आहे तो न्यायासनाच्या मांडणीबद्दल.

आयकॅन स्वतः तंटे तोडीत नाहीं. तिनें तो अधिकार कांहीं संस्थांस दिला आहे. जिनेव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना त्यांत अग्रगण्य असून तिच्याकडे २०२४ या एका वर्षांत ६,१६८ तक्रारी आल्या. अमेरिकेंतील 'फोरम', प्राग येथील चेक लवाद न्यायालय आणि आशियांतील एक केंद्र याहि त्यांतल्याच. यांपैकीं कोणाचें दार ठोठावयाचें हें एकटा तक्रारदार ठरवितो. प्रतिवादीस त्याबाबत विचारलेंसुद्धां जात नाहीं. शिवाय तक्रारदारानें भरलेल्या शुल्कावरच या केंद्रांचा हा व्यवहार चालतो. ज्या बाजारांत दुकान निवडणें एकाच पक्षाच्या हातीं आहे, त्या बाजारांतील दुकानदार त्या पक्षास दुखवितांना दोनदां विचार करील, हें कळण्यास अर्थशास्त्राचा अभ्यास करावा लागत नाहीं.

आपल्याकडील जुन्या न्यायपद्धतीची येथें आठवण होते. मराठेशाहींत वतनाचा तंटा सभेपुढें जाई, तेव्हां अग्रवादी म्हणजे फिर्यादी आणि पश्चिमवादी म्हणजे प्रतिवादी, या दोघांकडूनहि 'राजीनामा' लिहून घेत. सभेचा निवाडा आम्हांस मान्य होईल, असा त्याचा आशय असे. आपल्या ठिकाणची मंडळी दुसऱ्या पक्षास अनुकूल आहे असें एखाद्यास वाटल्यास तो परस्थळ मागूं शके, म्हणजे दुसऱ्या गांवच्या सभेपुढें तंटा नेण्याची विनंती करूं शके. ती पद्धति सर्वस्वीं निर्दोष होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. उकळत्या तेलांतून धातूचा तुकडा काढावयास लावणारें दिव्य पुन्हा कोण मागेल? पण पंच दोघांचा असावा, हें तत्त्व तिला चांगलें अवगत होतें. डोमेनच्या करारांतील कलम हाहि एक प्रकारचा राजीनामाच आहे. फरक इतकाच कीं, त्यावर भांडण उत्पन्न होण्यापूर्वीच, न वाचतां, एका बोटाच्या टिचकीनें सही झालेली असते.

ही भीति केवळ कल्पनेंतली नव्हे. कॅनडांतील ओटावा विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक मायकेल गाइस्ट यांनीं २००१ सालीं या धोरणाखालील तीन हजारांहून अधिक निर्णय तपासले. त्यांना असें आढळलें कीं, जिनेव्हाची संघटना व अमेरिकेंतील फोरम या दोन मोठ्या संस्थांपुढें तक्रारदार शेंकडा ८२ ते ८३ वेळां जिंकत होते. कॅनडांतील 'ई-रेझोल्यूशन' या तिसऱ्या संस्थेपुढें मात्र त्यांच्या यशाचें प्रमाण शेंकडा ६३ च होतें. या तिसऱ्या संस्थेकडे तक्रारदार फारसे फिरकले नाहींत, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिला आपलें दुकान बंद करावें लागलें. गाइस्ट यांच्या पाहणींत आणखी एक गोष्ट दिसून आली. एकच पंच बसला असतां तक्रारदारांचें यश शेंकडा ८३ च्या घरांत, आणि तीन पंच बसले असतां शेंकडा ६० च्या घरांत होतें. एका पंचाच्या खटल्यांत पंच नेमण्याचें काम संस्थेकडे असतें, आणि फोरमकडील अशा खटल्यांपैकीं निम्म्याहून अधिक खटले अवघ्या सहा पंचांकडे गेले होते!

या आंकड्यांवरून पंच लांचखाऊ होते असें कोणी म्हणेल तर तें चूक होय. प्रतिवादी तीन पंचांची मागणी करतो तेव्हां त्याच्यापाशीं बहुधा कांहीं तरी बोलण्यासारखें असतें. तेव्हां त्या खटल्यांत त्याची बाजू मुळांतच अधिक बळकट असावी, हें उघड आहे. शिवाय बहुसंख्य तक्रारींस उत्तरच येत नाहीं, कारण बँकेच्या नांवांत एक अक्षर इकडचें तिकडे करून वृद्धांचे पैसे लुबाडणारा ठक उत्तर कशास देईल? असे खटले तक्रारदारानें जिंकावे हेंच योग्य. तेव्हां ८२ हा आंकडा आम्हांस तितका खटकत नाहीं. खटकतें तें हें कीं, पक्षपात होतो कीं नाहीं हें बाहेरून ठरविण्यास मार्गच उरत नाहीं अशी रचना मुद्दाम कां ठेवावी? रामशास्त्र्यांची निर्भयता आपण मुलांस मोठ्या अभिमानानें सांगतों. पण रामशास्त्र्यांपुढें कोणता तंटा जावा हें फिर्यादी ठरवीत नव्हता, हेंहि त्याबरोबर सांगावयास हवें. तक्रारी संस्थांमध्यें पाळीपाळीनें वांटून दिल्या असत्या तर हा संशय एका दिवसांत मिटला असता. १९९९ पासून या धोरणाच्या मूळ मजकुरांत महत्त्वाचा असा बदल झालेला नाहीं.

आतां प्रतिवादीच्या स्थितीकडे पाहूं. त्यास उत्तर देण्यास २० दिवस मिळतात, आणि मागितल्यास आणखी ४. या २० दिवसांत सण, सुट्ट्या, आजारपण सर्व आलें. तक्रारदारानें मात्र तक्रार केव्हां करावी याला मुदत नाहीं. दहा वर्षें तयारी करून तो एखाद्या सोमवारीं सकाळीं येऊं शकतो. सूचना मुख्यतः ई-मेलनें येते, आणि ती भाडेपट्ट्याच्या दप्तरांत नोंदलेल्या पत्त्यावर येते. कामकाजाची भाषा सामान्यतः नोंदणीच्या कराराची भाषा असते, म्हणजे आपल्याकडील बहुतेकांस इंग्रजी. सुनावणी कागदोपत्रींच होते. साक्षीदार नाहींत, उलटतपासणी नाहीं, समोरासमोर बोलणें अगदीं अपवादात्मक. जिनेव्हाच्या संघटनेकडे एका पंचाचें शुल्क १,५०० डॉलर, म्हणजे लाखाहून अधिक रुपये असून तें तक्रारदार भरतो. हें प्रतिवादीच्या पथ्यावर पडतें खरें. पण त्यास तीन पंच हवे असतील तर ४,००० डॉलरांपैकीं निम्मे त्यानें भरले पाहिजेत. ज्या तीन पंचांपुढें त्यास न्याय मिळण्याचा संभव अधिक, ते त्यास दोन हजार डॉलर मोजल्यावांचून मिळत नाहींत. हजार रुपयांचें नांव राखण्यासाठीं इतका खर्च कोणतें मध्यम स्थितींतील कुटुंब करील?

या धोरणांत वरच्या पंचांकडे अपीलहि नाहीं. निकाल विरुद्ध गेल्यास दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयांत दावा दाखल करावयाचा, नाहीं तर नांव गेलें. तो दावा करण्याची ऐपत असली तर काय होऊं शकतें हें बार्सिलोनाच्या खटल्यावरून दिसतें. स्पेनमधील एका गृहस्थानें १९९६ सालीं पत्नीच्या नांवानें 'बार्सिलोना डॉट कॉम' हें डोमेन घेतलें होतें. त्या नगरीच्या पालिकेस चार वर्षांनीं जाग आली. 'बार्सिलोना' हा शब्द असलेलीं आपलीं अनेक व्यापारचिन्हें आहेत असें सांगून तिनें २००० सालीं जिनेव्हाच्या संघटनेकडे तक्रार केली, आणि एकट्या पंचानें तिच्या बाजूनें निकाल दिला. पतिपत्नींच्या कंपनीनें अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथें दावा लावला. तेथें प्रथम अपयश आलें. परंतु २००३ सालीं तेथील अपील न्यायालयानें तो निर्णय फिरविला. अमेरिकन कायद्याप्रमाणें नुसतें नगराचें नांव हें कोणाचें व्यापारचिन्ह होऊं शकत नाहीं, असें त्यानें ठरविलें आणि नांव कंपनीकडेच राहिलें. म्हणजे जें नांव एका पंचानें कांहीं आठवड्यांत काढून घेतलें तें परत मिळविण्यास जवळजवळ तीन वर्षें आणि दोन न्यायालयें लागलीं. ज्यांच्यापाशीं दावा चालविण्यास पैसा नव्हता अशा किती बार्सिलोना परस्पर गेल्या असतील, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

खोट्या तक्रारीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. दुसऱ्याचें रास्तपणें घेतलेलें डोमेन बळकावण्यासाठींच एखाद्यानें तक्रार केली असें पंचांस दिसलें तर ते निकालांत तसें लिहितात. बस्स, एवढेंच! त्या लिहिण्यापलीकडे तक्रारदाराचें कांहीं बिघडत नाहीं, व प्रतिवादीच्या वकिलाचा खर्चहि त्यास द्यावा लागत नाहीं. आपल्या जुन्या पद्धतींत हरणारा 'येजितखत' म्हणजे हार कबूल केल्याचा लेख लिहून देई आणि सरकारांत गुन्हेगारी भरी. त्यामुळें पोकळ दावा आणण्यापूर्वी चार माणसें दचकत. कॅनडानें आपल्या 'डॉट सीए' नांवांसाठीं ही उणीव ओळखली. तेथें दुष्ट हेतूनें तक्रार करणारास प्रतिवादीच्या खर्चापोटीं पांच हजार डॉलरपर्यंत भरावयास लावतां येतें. इंग्लंडांत 'डॉट यूके'ची व्यवस्था पाहणारी नॉमिनेट ही संस्था, प्रतिवादीनें उत्तर दिल्यास, निर्णयापूर्वी मध्यस्थ घालून फुकट समेटाचा प्रयत्न करते, आणि निर्णयावर तीन तज्ज्ञांपुढें अपीलहि देते. या गोष्टी अशक्य नाहींत, हें या दोन देशांनीं दाखविलें आहे.

आपल्या 'डॉट इन'ची व्यवस्था काय आहे? तिचें दप्तर 'निक्सी' या संस्थेकडे असून २००५ पासून तंट्यांसाठीं तिचें निराळें धोरण आहे. यांत एक गोष्ट यूडीआरपीहून निःसंशय बरी आहे. फिर्यादीस संस्था निवडतां येत नाहीं. लवाद दप्तराकडूनच नेमला जातो. लवाद १९९६ च्या लवाद कायद्यान्वयें काम करतो, त्यामुळें निवाड्याविरुद्ध न्यायालयांत जाण्याचा मार्ग कायद्यानेंच आंखलेला आहे, आणि योग्य वाटल्यास तो खर्चाचाहि हुकूम देऊं शकतो. पण यूडीआरपींत जेथें दुष्ट हेतूनें 'घेतलें व वापरलें' असें आहे, तेथें आपल्या धोरणांत 'घेतलें किंवा वापरलें' असें आहे. हा 'किंवा' दिसावयास लहान असला तरी प्रतिवादीच्या बाजूची एक संपूर्ण भिंत तो पाडून टाकतो. प्रामाणिकपणें नांव घेतल्याचें सिद्ध करूनहि केवळ पुढील वापरावरून त्याचें नांव जाऊं शकतें. लवाद एकटाच असतो, आणि त्याच्या निवडींत कोणत्याच पक्षास बोलतां येत नाहीं. देवनागरींतील 'डॉट भारत' हीं नांवें २०१४ पासून मिळूं लागलीं असून मराठींत लिहिलेलें आडनांवहि आतां डोमेन होऊं शकतें. तेव्हां हा विषय आपल्या घराच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपला आहे.

तंट्यांत प्रतिवादी नेहमींच निष्पाप असतो, असें मात्र कोणी समजूं नये. 'सिफी' या नांवावरून झालेला खटला २००४ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयांत गेला होता. आमचें 'सिफी' हें नांव पांच प्रवर्तकांच्या नांवांचीं आद्याक्षरें जुळवून झालें आहे, असा बचाव प्रतिवादीनें केला. न्यायालयास तो पटला नाहीं. डोमेन-नांवांसहि व्यापारचिन्हाच्या कायद्याचें संरक्षण आहे, असें त्या निकालानें आपल्या देशांत पक्कें केलें. येथें लक्षांत घेण्यासारखें हें कीं, बचाव ऐकून, तपासून, कारणें देऊन फेटाळला गेला. हरणाऱ्यासहि इतकें मिळालें म्हणजे त्यास न्याय मिळाला नाहीं असें म्हणवत नाहीं.

आडनांवाचें डोमेन असणाऱ्या कुटुंबांनीं भिऊन जाण्याचें कारण नाहीं. डोमेनच्या नांवानेंच आपण ओळखले जातों हें दाखविल्यास रास्त हितसंबंध सिद्ध होतो, अशी स्पष्ट तरतूद यूडीआरपींतच आहे. अमेरिकेंत निसान हें आडनांव असलेल्या एका गृहस्थानें १९९४ सालीं आपल्या व्यवसायासाठीं 'निसान डॉट कॉम' घेतलें; त्या नांवाच्या बलाढ्य मोटार कंपनीनें १९९९ सालीं त्यास न्यायालयांत खेंचलें, वर्षानुवर्षें खटला चालला, पण २०२० सालीं त्यांचें निधन होईपर्यंत नांव त्यांच्याकडेच होतें. मात्र हें सर्व उत्तर देणारासाठीं आहे. उत्तर न देणाराची बाजू पंच आपण होऊन मांडीत नाहींत. म्हणून तक्रार आली तर 'हें कांहीं तरी फसवणुकीचें पत्र' म्हणून तें टाकून देऊं नये. आधीं खरें आहे कीं नाहीं तें त्या संस्थेकडेच विचारून घ्यावें, आणि खरें असल्यास २० दिवसांच्या आंत, चार पानें कां होईनात, पण उत्तर द्यावें. त्यास नांव केव्हां व कां घेतलें हें दाखविणारे कागद, जुन्या पानांच्या प्रती आणि कुळाचा छापील ग्रंथ असल्यास त्याचें मुखपृष्ठ जोडावें.

आणखी एक घरगुती सूचना. पुष्कळ कुटुंबांत डोमेन एखाद्या उत्साही पुतण्यानें कॉलेजांत असतांना घेतलेलें असतें. पुढें तो परदेशीं जातो, त्याचा जुना ई-मेल बंद पडतो, आणि भाडें कोणाच्या तरी कार्डावरून आपोआप जात राहतें. अशा घरीं तक्रारीची सूचना आली तरी ती कोणीच वाचणार नाहीं. नोंदणी कोणाच्या नांवें आहे, तेथें कोणता पत्ता दिला आहे आणि परवलीचा शब्द कोणापाशीं आहे, हें येत्या दिवाळींत सर्व मंडळी एकत्र जमतील तेव्हां पाहून घ्यावें, आणि जेथें घराच्या करपट्टीच्या पावत्या व विम्याचे कागद ठेवले जातात त्याच पेटींत तें एका कागदावर लिहून ठेवावें.